लिओटानं माघारी धाडलेली माणसं

कालवड अडली, की लिओटा श्वेंक अंगातलं जाकीट काढून खुंटीला अडकवायची, हाताला साबण चोपडायची आणि खांद्यापर्यंत हात आत घालून डोळे मिटायची. जरा वेळानं म्हणायची, मान मागं वळलीय. नाहीतर म्हणायची, मागचे पाय आधी आलेत. ती म्हणाली की ते तसंच असायचं. जनावरांचा डॉक्टर लांबच्या गावाहून येईतोवर हिनं वासरू ओढून काढलेलं असायचं आणि नाकात गवताची काडी घालून त्याला शिंकवलेलंही असायचं. नेब्रास्कातल्या आमच्या वाळूच्या टेकड्यांत एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत नुसतं गवतच पसरलेलं असतं. तिथं असल्या बाईच्या शब्दाला वजन येतं. लिओटानं एकदा ठरवलं की ती मागं वळून बघायची नाही, आणि तिचं ऐकणारंही कुणी वळायचं नाही.

त्याच गुणापायी तिच्या भावाचा पाय गेला.

बापाच्या मागं गुरं-कुरण दोघा भावंडांनी धरलं. लिओटा थोरली, साठीच्या पुढं गेलेली, लग्नाच्या वाटेला गेली नाही. डेल्मर तिच्याहून बराच धाकटा. त्याच्या हातात कसब होतं. पंप असो, ट्रॅक्टर असो, पाणी उपसणारी पवनचक्की असो, तो उघडायचा, पुसायचा, परत बसवायचा आणि ते चालायला लागायचं. फक्त बाटलीपुढं त्याचं काही चालायचं नाही. एका साली वासरं विकून झाली आणि हा पिकअप घेऊन डेन्व्हरला गेला तो वर्ष उलटलं तरी आला नाही. शेवटी लिओटाच जाऊन घेऊन आली. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत पथारी टाकून राहत होता आणि स्वतःच्या बहिणीला ओळखायला त्याला वेळ लागला. पाच तासांच्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही. घराच्या फाटकाशी गाडी थांबवून मात्र म्हणाली, "परत डेन्व्हरला गेलास, तर मी न्यायला येनार न्हाई."

त्यानंतर डेल्मरनं सोडली ती सोडलीच. सहा वर्षं झाली, कुणाच्या लग्नातसुद्धा त्यानं ओठाला लावली नाही. आम्हीही तो विषय काढला नाही. आमच्याकडं रीतच आहे. ज्याच्या घरात पिणारा असतो, त्याला त्याबद्दल विचारायचं नाही. घरचं माणूस सांगेल तेवढं ऐकायचं, मान हलवायची आणि गवत यंदा कसं आहे ते बोलायचं. ह्याला आम्ही सभ्यपणा समजतो.

मार्चमध्ये गाई विण्याचे दिवस होते. माणसाला जेवायला बसायची फुरसत नसते तेव्हा. त्यात डेल्मरचा फोन हौदात पडून मेला. दुपारी दोन घास खाऊन तो नवा फोन आणायला कॉर्बेट गावात गेला. येताना कुठं थांबणार ते काही बोलला नाही, कधीच बोलायचा नाही. संध्याकाळ झाली तरी पिकअप फाटकात दिसेना. लिओटानं एकटीनंच दोन कालवडी सोडवल्या आणि घरच्या तारेच्या फोनवरून एव्हरेट पिल्चरला गाठलं. पिल्चर म्हणजे तिचा सगळ्यांत जवळचा शेजारी. जवळचा म्हणजे त्याच्या घराचा दिवा तिच्या अंगणातून दिसतो, इतकंच.

सकाळी तिच्या अंगणात गाड्या मावेनात. ट्रेलरात घोडी, घोड्यांवर खोगीर, माणसांच्या अंगात चांगले जाड कोट. बायकांनी राजम्याचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे गोड पाव आणले होते, कारण शोधायला आलेली माणसं कधी परततील ह्याचा नेम नसतो. पिल्चरनं गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि टेकड्या वाटून दिल्या. उत्तरेची कुंपणं कुणी बघायची, ओढ्याकाठचं झुडूप कुणी. लांबच्या पत्र्याच्या पवनचक्कीकडं तो स्वतः जाणार होता.

शेरिफच्या पोलिसाला पिकअपचा नंबर हवा होता, म्हणून लिओटा घरात गेली. कागद सापडेना, तेव्हा तिनं कॉम्प्युटर उघडला. घरात दोघांचं मिळून एकच ईमेल होतं. गुरांचे व्यापारी, खाद्याचं दुकान, दातांचा डॉक्टर, सगळे त्यावरच लिहायचे. तिथं वर एक निरोप येऊन पडला होता. एका नव्या फोनवरून तुमचं खातं उघडण्यात आलं आहे, हे तुम्हीच आहात का? आणि खाली ठिकाण दिलेलं: डेन्व्हर, कोलोरॅडो.

पुढं कधीतरी ती मला म्हणाली, की ते वाचून तिच्या जिवात जीव आला नाही, की रडूही आलं नाही. संताप आला. आणि संतापाच्या तळाशी एक सुटल्यासारखं वाटलं, की बघ, मला हे माहीतच होतं. ते सुटल्यासारखं वाटणं तिला नंतर सगळ्यांत जास्त लागलं.

ती बाहेर आली. माणसं घोडी खाली उतरवायला लागली होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "डेल्मर डेन्व्हरला हाय."

सगळे जागच्या जागी थांबले. डेन्व्हर म्हटल्यावर काय समजायचं ते सगळ्यांना समजलं.

"नक्की?" पिल्चरनं विचारलं.

"नक्की."

एखाद्या दुसऱ्या गावात कुणीतरी विचारलं असतं, की तुला कसं कळलं गं, फोन आला का, कुणी बघितलं का. आमच्यात कुणी विचारलं नाही. पिल्चरनं नकाशाची घडी घातली. बायकांनी रश्श्याचं भांडं तसंच तिच्या फ्रिजमध्ये ठेवलं, एकीनं तिच्या दंडाला हात लावला न लावला. गाड्या ओळीनं फाटकाबाहेर पडल्या. लिओटानं शेरिफला कळवलं, की माणूस सापडलाय. मग ती गोठ्यात गेली. दुपारनंतर ओला बर्फ पडायला लागला.

आता डेल्मर कुठं होता ते सांगतो.

त्यानं कॉर्बेटमध्ये फोन घेतला आणि परतीच्या वाटेवर मोठ्या टेकाडावर गाडी उभी केली. आमच्या खोऱ्यात फोनला तेवढ्याच जागी रेंज मिळते. ज्याला कुणाशी बोलायचं असेल, भाव बघायचे असतील, तो तिथं गाडी लावतो, म्हणून तिथलं गवत कधी वाढत नाही. डेल्मरनं तिथं बसून नव्या फोनवर घरचं ईमेल उघडलं, वासरांचे भाव वाचले आणि गाडी पलीकडच्या उतारावर घातली. तिथं रेंज संपते. खाली पत्र्याच्या चक्कीचं चाक फिरत होतं, पण हौदात पाणी पडताना दिसेना. हा माणूस असलं काही बघून पुढं जाणारा नव्हता. पाना घेऊन वर चढला. वरच्या अंगाची एक पायरी गंजलेली होती, ती तुटली. तो खाली आला तेव्हा उजव्या पायाची नळी मोडून कातडीबाहेर आलेली, आणि तोच पाय हौदाशेजारच्या डबक्यात. बाजूला पडलेली खाद्याची रिकामी पोती तेवढी त्यानं अंगावर ओढून घेतली. पिकअप हाकेच्या अंतरावर होती, पण त्याला तिथवर सरपटता येईना.

ते टेकाड लिओटाच्या स्वयंपाकघरातून दिसतं. चक्की त्याच्याच मागं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाड्यांचे आवाज ऐकू आले. एकामागं एक बऱ्याच गाड्या. वाऱ्यावरून आवाज चांगला येतो आमच्याकडं. त्याला वाटलं, निघाले. मग आवाज लांब लांब जात बंद झाले. त्याला वाटलं, वळसा घालून येत असतील. तो वाट बघत राहिला. मग बर्फ आला आणि अजून एक रात्र गेली.

शेवटी पिल्चरला तो सापडला तोही शोधताना नव्हे. पिल्चरचा वळू कुंपण मोडून पळाला होता, त्याच्या मागावर तो चक्कीकडं आला आणि बर्फाखाली पिकअपचं टप बघून थबकला. डेल्मरला शुद्ध होती. ओठ फुटलेले, मिशीत बर्फ. पहिलं वाक्य त्यानं म्हटलं ते असं, "लई हिंडलासा जनू माझ्यापायी."

पिल्चरनं अंगातला कोट काढून त्याच्यावर टाकला. तो म्हणाला, "बर्फ लई हुता."

इस्पितळात पाय गुडघ्याखाली कापला. भेटायला जाईल त्याचे डेल्मर आभार मानायचा. एवढ्या बर्फात तुम्ही घोडी घातली, म्हणायचा, चक्कीच आडबाजूला, तुमचा काय दोष. आणि आमच्यातला एकेक जण टोपी हातात फिरवत म्हणायचा, बर्फ लई हुता. पिल्चरचं ते वाक्य सगळ्या खोऱ्यानं उचललं. लिओटा खाटेशेजारी बसून हे ऐकायची. ती काही बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं कुणी सुचवलंही नाही.

सुरुवातीला तिनं एक आधार धरला होता. डेन्व्हरातल्या कुणीतरी चोरानं आपलं ईमेल फोडलं असणार, आणि नेमकं त्याच दिवशी. असं धरून चाललं की झोप थोडी लागायची. पण घराबाहेर असताना इस्पितळाशी बोलायला तिच्याकडं मोबाइल नव्हता, म्हणून तिनं त्याच दुकानातून एक घेतला, येताना टेकाडावर गाडी लावली आणि घरचं ईमेल उघडून बघितलं. घरी येऊन कॉम्प्युटर लावला तर वर निरोप पडलेला. एका नव्या फोनवरून तुमचं खातं उघडण्यात आलं आहे. ठिकाण: डेन्व्हर, कोलोरॅडो.

कोट न काढता ती तशीच उभी राहिली. मग परत गाडीत बसली आणि कॉर्बेटला गेली.

दुकानातल्या बाईला ह्यात नवल वाटलं नाही. तिनं सांगितलं, की टेकाडावर रेंज देणारा टॉवर तुमचं म्हणणं फक्त उचलतो. तिथून ते जमिनीखालच्या तारेतून कंपनीच्या मोठ्या केंद्रात जातं, ते केंद्र डेन्व्हरात आहे, आणि तिथून पुढं इंटरनेटवर निघतं. बाहेरच्याला ते डेन्व्हरातून निघालेलं दिसतं, म्हणून तो डेन्व्हर लिहितो. तुम्ही कुठल्या टेकाडावर बसलाय ते त्याला ठाऊक नसतं. आमच्या वासरांचंही तसंच आहे. सगळ्या खोऱ्याची वासरं एकाच बाजारात गाडीत चढतात, आणि पूर्वेकडचा खाटीक त्यांना त्या बाजाराचीच वासरं म्हणतो. कुणाच्या कुरणात वाढली ते तो विचारत नाही.

आणि खरं सांगायचं, तर हे आम्हाला अगदीच नवं होतं असंही नाही. आमच्या सगळ्यांच्या फोनवर डेन्व्हरातले दातांचे डॉक्टर, डेन्व्हरातले सोफे, डेन्व्हरात रस्ता कुठं तुंबलाय ते यायचं. पिल्चरची बायको तर म्हणायची, माझा फोन शहरात ऱ्हातो आनि मी हितं शेनात. आम्ही हसायचो. त्या सकाळी त्या अंगणात तसल्या फोनांनी भरलेले खिसे घेऊन आम्ही उभे होतो, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

लिओटानं मात्र दुसरं एक बघितलं आणि त्यानं तिचा शेवटचा आधार गेला. निरोपावर वेळही होती. दुपारी चारच्या आतली. डेल्मर जेवून उठला होता बाराच्या पुढं, कॉर्बेटमध्ये फोन घेतला होता, आणि डेन्व्हर पाच तासांच्या वाटेवर. ही बेरीज तिला त्या सकाळीही करता आली असती. आकडा डोळ्यांपुढं होता. तिनं तो बघितला नाही, कारण तिला बघायचा नव्हता. यंत्रानं चुकीचं गाव सांगितलं हे खरं, पण ती आधीपासूनच त्या गावाच्या वाटेला लागलेली होती. हे तिचंच बोलणं आहे, माझं नव्हे.

मे महिन्यात डेल्मर घरी आला. कुबड्या घेऊन अंगणात फिरायला लागला, कोंबड्यांना शिव्या द्यायला लागला. एके दिवशी न्याहारी झाल्यावर तो म्हणाला, पेपरात आभार द्यायला पाहिजेत. आमच्या आठवडी पेपरात शेवटच्या पानावर आभाराची चौकट असते. घरात कुणी गेलं, आजारी पडलं, गंजीला आग लागली, की ज्यांनी हात लावला त्यांचे आभार तिथं छापायचे. न छापणारा माणूस आमच्यात उद्धट ठरतो. डेल्मरचं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून त्यानं लिओटाला कागद घ्यायला लावला.

"लिही," तो म्हणाला. "बर्फात घोडी घालून मला हुडकनाऱ्या समद्या शेजाऱ्यांचं मनापासून आभार. लिहिलंस?"

तिनं 'बर्फात' एवढं लिहिलं होतं. तिनं पेन खाली ठेवलं.

"तुला कुनी हुडकलं न्हाई," ती म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं, ती शेजाऱ्यांवर कशावरून तरी चिडलीय.

"घोडी आलेली अंगनात. पिल्चर चक्कीकडंच येनार हुता. मी समद्यांना माघारी धाडलं."

मग तिनं सगळं सांगितलं. निरोप, डेन्व्हर, टॉवर, जमिनीतली तार, दुकानातली बाई. एरवी तीन शब्दांत आटपणारी बाई, पण त्या दिवशी पुष्कळ बोलली, आणि बोलणं जितकं लांबलं तितकं ते तिलाच पातळ वाटायला लागलं. डेल्मर ऐकत होता. मधेच त्यानं एकच विचारलं, की त्या गाड्यांचे आवाज आले ते मग घरी जाणाऱ्या गाड्यांचे का. ती हो म्हणाली.

पायाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

"म्हंजी तुला वाटलं मी पितोय," तो म्हणाला.

"व्हय."

"आनि तू त्यास्नी सांगितलंस."

"डेन्व्हरला हाय, एवढंच म्हनले."

"हितल्या मानसाला त्येचा दुसरा काय अर्थ लागतोय, थोरले?"

तिनं पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, की त्या यंत्रावर तसं लिहून आलं होतं.

"त्या यंत्राला मी कोन ते म्हाईत न्हवतं," डेल्मर म्हणाला. "तुला हुतं."

तो कुबड्या घेऊन उठला आणि बाहेर गेला. उन्हाळ्यात गवत कापायला येणाऱ्या गड्यांसाठी अंगणापलीकडं एक खोली आहे, तिथं त्यानं आपलं अंथरूण नेलं. जेवायला यायचा, ताट घेऊन जायचा. लिओटानं एकदा त्याची माफी मागितली. त्यानं मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते तिला कळलं नाही. दुसऱ्यांदा मागायला गेली तर म्हणाला, पाय माझा गेलाय, आता रडगाणं तरी तुझं ऐकायला लावू नकोस.

आठेक दिवसांनी तो आपणहून स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, कागद घे. आभाराचं ऱ्हायलंय.

त्यानं सांगितलं तसं तिनं लिहिलं. "डेल्मर श्वेंक मार्च महिन्यात डेन्व्हरला नव्हता. तो आपल्याच पत्र्याच्या चक्कीखाली पाय मोडून पडला होता. त्याने दारू प्यालेली नव्हती. त्याला शोधायला आलेल्या लोकांना मी परत पाठवले."

"आनि खाली नाव घाल," तो म्हणाला. "तुझं."

तिनं घातलं, आणि तो कागद घेऊन स्वतः कॉर्बेटला गेली. पेपरचा संपादक म्हातारा आहे. एकटाच लिहितो, छापतो आणि पत्तेही चिकटवतो. त्यानं कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिला समजावून बघितलं, की बाई, कुणी मागितलेलं नाही, कुणी बोलतही नाही, कशाला छापतेस. तिनं ऐकलं नाही. मग तो अडचणीत पडला. त्याच्या शेवटच्या पानावर जन्म असतात, मरण असतात, विकणे आहे असतं आणि आभार असतात.

"हे कशात बसवू?" त्यानं विचारलं.

"आभारातच घाल," लिओटा म्हणाली. "लोक ते वाचत्यात."

गुरुवारी पेपर आला. आमच्या खोऱ्यात तो कुणी वाचला नाही असं एकही घर नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी बोललं असंही एक घर नव्हतं. चर्चमध्ये लिओटाला सगळ्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला. कुणी तिच्याकडं जास्त बघितलं नाही आणि कुणी नजर चुकवलीही नाही. तिच्या मते कुणी चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. पण शिव्या घालणारे आम्ही नव्हतो. आमचीही घोडी त्या दिवशी ट्रेलरातूनच परत गेली होती.

त्या शनिवारी डेल्मर म्हणाला, मला गावात ने. कॉर्बेटच्या कॅफेत सकाळी आम्ही पुरुष एका लांब टेबलाला बसतो. मार्चपासून तो तिथं आला नव्हता. दार उघडून तो कुबड्यांवर आत आला, मागं लिओटा. टेबलावरचं बोलणं थांबलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. डेल्मर बसला, कुबड्या भिंतीला टेकवल्या. कपात चमचे वाजत राहिले.

मग पिल्चरनं घसा खाकरला.

"काय रं डेल्मर," तो म्हणाला, "डेन्व्हरासनं कवा आलास?"

टेबलावरचे चमचे थांबले. पिल्चरचे कान लाल झाले होते. डेल्मरनं साखर घातली, ढवळली, एक घोट घेतला.

"आलो गड्या घाईघाईत," तो म्हणाला. "एक पाय तिथंच इसरलोय."

टेबलावर एकच हशा फुटला. पिल्चर तर कपाळ टेबलावर टेकवून हसत होता, आणि वर आला तेव्हा डोळे पुसत होता. कुणीतरी डेल्मरच्या पाठीत थाप मारली, कुणी त्याच्यासाठी अंडी मागवली, आणि बोलणं गवतावर आणि वासरांच्या भावावर गेलं. सहा वर्षं प्यायला नाही असा माणूस आमच्यात परत येऊन बसला होता, आणि तसा तो बसलाय हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला एवढंच हवं होतं.

लिओटा काउंटरपाशी उभी होती. तिला हसू आलं नाही. हसायला तिला कुणी बोलावलंही नाही. तिनं कॉफीचे पैसे ठेवले आणि बाहेर जाऊन पिकअप अगदी दाराला लावली, डेल्मरला चालावं लागू नये म्हणून. इंजिन चालू ठेवून ती आत बसून राहिली. आतून हसण्याचे आवाज येत होते. आम्ही काही लवकर उठलो नाही, आणि तिनंही हॉर्न वाजवला नाही.